तीन टोपल्या आणि नाईकवाडींची फरशी

शाळेच्या डायरीतून घरी जो मजकूर येतो तो सहसा ‘नखे कापून पाठवावे’ आणि ‘स्वेटरवर नाव घालावे’ याच्या पुढे जात नाही. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी अपेक्षाच्या डायरीतून चक्क तिच्या आजोबांच्या नावाचं पाकीट निघालं, तेव्हा खळदकरांच्या घरात टीव्हीचा आवाज आपोआप कमी झाला. महिपतरावांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर जावक क्रमांक नव्हता. बत्तीस वर्षं सरकारी टपाल हाताळलेल्या माणसाला हे खपत नाही, पण नातीच्या शाळेचं प्रकरण असल्यामुळे त्यांनी ते खपवून घेतलं.

पत्र इंग्रजीत होतं. सुनेने वाचून दाखवलं. दुसरी ‘ब’च्या वर्गात सध्या ‘रॉक्स’ हा विषय चालू आहे. आपण सीनियर जिऑलॉजिस्ट म्हणून निवृत्त झाल्याचं अपेक्षाकडून कळलं. तरी येत्या शनिवारी दोन तास येऊन चाळीस मुलांची हँड्स-ऑन ॲक्टिव्हिटी घ्यावी, ही विनंती. खाली राजनंदिनी मॅडमची सही आणि सहीशेजारी एक हसरा चेहरा.

“हँड्स-ऑन म्हणजे?” महिपतरावांनी विचारलं.

“म्हणजे नुसतं सांगायचं नाही, बाबा. मुलांनी स्वतः हाताळून शिकायचं.”

“चाळीस मुलांच्या हातात दगड द्यायचे?”

“शाळेचा विमा आहे का ते आधी विचारा,” यमुनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

अपेक्षा मात्र सोफ्यावर उभी राहून नाचत होती. “मी सांगितलं मॅडमना! म्हटलं, माझे आजोबा दगडांच्या ऑफिसात सगळ्यात मोठे साहेब होते!”

महिपतराव हसले. ते हसू नीट जमलं नाही, हे फक्त यमुनाबाईंच्या लक्षात आलं. कारण महिपतराव साहेब कधीच नव्हते, हे त्या घरात फक्त त्या दोघांनाच पक्कं ठाऊक होतं. मुलगा आनंद हिंजवडीच्या आयटी कंपनीत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे जगत असे. आपले वडील कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झाले हे विचारायला त्याला २००६ साल उजाडेपर्यंत सवड मिळाली नव्हती.

आता यात महिपतराव खोटं बोलले असं कोणी म्हणू नये. ते दगडांशी संबंधित सरकारी कचेरीत नोकरीला होते, हे शंभर टक्के खरं. फक्त ते तिथे आवक-जावक विभागात लिपिक होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून तपासणीसाठी दगडांचे नमुने येत. कापडी पिशवीत दगड आणि सोबत पत्र. महिपतराव पत्रावर शिक्का मारत, रजिस्टरात नोंद करत आणि दगडाला नंबराची चिठ्ठी बांधून तो आत साहेबांकडे पाठवत. पुढे त्या दगडाचं काय होई, ही त्यांच्या टेबलापलीकडची गोष्ट होती.

पेठेतलं भाड्याचं घर सोडून खळदकर मंडळी विश्रांतवाडीला ‘रम्यविहार’ सोसायटीत राहायला आली, तेव्हा ओळख करून द्यायच्या कार्यक्रमात महिपतरावांनी आपल्या खात्याचं नाव सांगितलं. त्याबरोबर चेअरमन उत्तरेश्वर नाईकवाडी गरजले, “म्हणजे जिऑलॉजिस्ट!” त्या क्षणी महिपतरावांच्या तोंडात अख्खा बटाटावडा होता. तोंड रिकामं होईपर्यंत विषय पार्किंगवर गेला होता. पुढे सोसायटीची बोअर कुठे मारायची असं लोकांनी विचारलं, तर ‘मला काय माहीत’ या अर्थाने त्यांनी हात झटकला. तो हात ज्या दिशेला गेला तिथे बोअर मारली आणि धो धो पाणी लागलं. त्यानंतर खरं सांगण्याची सोयच राहिली नाही.

“सांगून टाका आता,” रात्रीचं जेवण वाढताना यमुनाबाई हळूच म्हणाल्या.

“सांगतो. शनिवार होऊ दे.”

अपेक्षा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, “आजोबा, तुम्ही दगड नुसता बघून ओळखता ना?” या प्रश्नासमोर कोणत्या आजोबाने ‘नाही’ म्हटलं असतं?

मंगळवारी त्यांनी अपेक्षाचं पुस्तक अभ्यासाला घेतलं. खडक तीन प्रकारचे, एवढं त्यातून निघालं. लाव्हा थंड होऊन झाला तो अग्निज. गाळाचे थर दबून झाला तो गाळाचा. आणि या दोघांपैकी कोणीही जमिनीखाली उष्णतेत आणि दाबाखाली सापडून पार बदलून गेला, तर तो रूपांतरित. महिपतरावांनी याची एक पानी टिपणी केली, परिच्छेदांना क्रमांक दिले आणि पिशवी घेऊन तिन्ही प्रकार गोळा करायला बाहेर पडले.

धानोरीच्या टेकडीवर त्यांना दगड मिळाला. काळा. नाल्याकाठी मिळाला, तोही काळा. नव्या इमारतीच्या खोदकामातला काळा, रस्त्याच्या खडीतला काळा, देवळामागचा काळा. घरी येऊन पाहतात तर यमुनाबाईंचा पाटा काळा आणि वरवंटाही काळाच. सगळे अग्निज. पुण्याच्या जमिनीत मैलोन्‌मैल एकच दगड आहे, आणि तोही पुणेकराच्या मतासारखा. कठीण.

बुधवारी सकाळी कट्ट्यावर हा प्रश्न मांडताच सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने मुलांना सरळ राजस्थानला न्यायला सांगितलं. दुसऱ्याचा भाचा कॉम्प्युटरवर हलणारे दगड दाखवू शकत होता. नाईकवाडी सगळ्यांचं होईपर्यंत थांबले आणि मग घसा साफ करून म्हणाले, “मार्बल दाखवायचा ना पोरांना? आमच्या हॉलमध्ये आणा. इटालियन आहे. पण मोजे घालून.”

ही मोज्यांची अट दाराबाहेर पाटीवरच होती: ‘आत इटालियन मार्बल आहे. पादत्राणे बाहेर, मोजे आवश्यक. मोजे विसरल्यास बेल वाजवू नये.’ बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतलेले नाईकवाडी दिवसातून दोनदा त्या फरशीवर स्वतः फडकं मारत. अमेरिकेतल्या मुलाला त्यांनी तिचे फोटो पाठवले होते आणि त्यांच्याकडेच राहणाऱ्या नातवाला, शुभंकरला, हॉलमध्ये चेंडू खेळायला कायमची मनाई होती.

मोज्यांच्या कल्पनेने महिपतराव थबकले. शेवटी यमुनाबाईंनीच तोड काढली. “आपला ओटा बसवला ते गुलजारभाई आहेत ना आळंदी रोडला? दगड त्यांना विचारा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

गुलजारभाईंचं फरशीचं दुकान तीन पिढ्यांचं. कटरच्या आवाजात आणि पांढऱ्या धुळीत ते कान-डोळे शाबूत ठेवून बसलेले असत. महिपतरावांनी कामाचं स्वरूप सांगितलं. गुलजारभाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा त्यांच्या टिपणीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “काका, तुम्ही तर दगडांचे साहेब ना?”

“तसा... आमचा प्रशासकीय भाग जास्त होता.”

“हां,” गुलजारभाई म्हणाले. सगळं समजलेला माणूस पुण्यात एवढंच म्हणतो.

मग त्यांनी उकिरड्यासारख्या दिसणाऱ्या ढिगातून एकेक तुकडा काढून पुढे ठेवला. “हा ग्रॅनाइट, तुमच्या ओट्याचा भाऊ. आगीतला. ही शहाबादी आणि हा कडप्पा, दोन्ही गाळाचे. कडप्पा काळा आहे म्हणून फसू नका. आणि हा मकराण्याचा संगमरवर. हा आधी चुन्याचाच दगड होता, जमिनीत शिजून असा गोरापान झाला.”

“पण मुलांना फरक कळायचा कसा?”

गुलजारभाईंनी खिळ्याने संगमरवरावर ओरखडा काढला, जेवणाच्या डब्यातलं लिंबू त्यावर पिळलं आणि म्हणाले, “कान लावा.”

महिपतरावांनी कान लावला. दगड बारीक आवाजात फसफसत होता. ओरखड्यावर मोहरीएवढे बुडबुडे आले होते. बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून हजारो दगड गेले होते, पण त्यांतल्या एकानेही त्यांच्याशी शब्द काढला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे दुसरं लिंबू मागितलं.

“ज्यात चुना, तो बोलणार,” गुलजारभाई म्हणाले. “ग्रॅनाइट गप्प, तुमचा काळा दगड गप्प. व्हिनेगर घ्या, स्वस्तात होईल. फक्त एक करा, पोरांना कोणाच्या पॉलिश केलेल्या संगमरवराजवळ सोडू नका. डाग पडतो, तो जात नाही.”

हा शेवटचा सल्ला महिपतरावांनी टिपणीत क्रमांक नऊवर लिहून घेतला. टिपणीत लिहिलं की काम झालं, असं मानायची त्यांना सवय होती.

रिक्षातून गोणी घेऊन ते सोसायटीत आले, तर फाटकावर वॉचमन कोंडीराम आडवा झाला. कोंडीराम वाघोलीकडचा, चेअरमनसाहेबांचा हुकूम म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ.

“सायेब, गोणीत काय हाय?”

“दगड आहेत.”

“मंग बांधकाम सामान झालं. फारम भरावा लागतोय.”

दुसरा कोणी असता तर भांडला असता. महिपतरावांनी फॉर्म हातात घेतला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. फॉर्ममध्ये दोन चुका होत्या. त्यांनी त्या दुरुस्त करून खाली आद्याक्षरी केली, ‘साहित्याचे प्रयोजन’ या रकान्यात ‘शैक्षणिक’ असं लिहिलं आणि दोन प्रती केल्या. चेअरमनची सही हवी होती आणि चेअरमन लाफ्टर क्लबात हसायला गेले होते. ते हसून येईपर्यंत महिपतराव तासभर गोणीवर बसून राहिले. नियम तो नियम.

गुरुवारी पार्किंगमध्ये रंगीत तालीम झाली. सोसायटीतली अकरा मुलं, तीन प्रकारांसाठी तीन टोपल्या आणि सुनेने मंचुरियनसाठी आणलेलं व्हिनेगर ड्रॉपर लावलेल्या औषधाच्या बाटल्यांत भरलेलं. तालीम इतकी यशस्वी झाली की महिपतरावांनाच धडकी भरली. पहिला संगमरवर फसफसताच मुलांनी असा आरडाओरडा केला की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. मग त्यांनी जगातली प्रत्येक वस्तू तपासायला घेतली. स्कूटरची सीट गप्प. कोंडीरामची खुर्ची गप्प. अंड्याचं कवच बोललं! महिपतरावांची कवळीसुद्धा एका मुलीने मागितली, पण ती त्यांनी दिली नाही.

“आजोबा ग्रेट आहेत,” अपेक्षा सगळ्यांना सांगत होती. “ते नुसते बघतात आणि सांगतात.” महिपतरावांनी रात्रीतच प्रत्येक तुकड्याच्या खाली पेन्सिलीने उत्तर लिहून ठेवलं होतं, पण तो प्रशासकीय भाग झाला.

साडेचारला ते चहाला वर गेले. खाली येऊन पाहतात तर टोपल्या जागेवर आणि मुलं गायब. बाटल्याही गायब. त्यांना टिपणीतला क्रमांक नऊ आठवला आणि त्याच वेळी बी-विंगच्या पहिल्या मजल्यावरून शुभंकरचा आवाज आला, “आमच्याकडे या, आमच्याकडे पाहिजे तेवढा मार्बल आहे!”

महिपतराव जिना चढून पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. हॉलमध्ये नाईकवाडीवहिनींची भिशी चालू होती. आठ बायका, आठ जोड मोजे, हातात खमंग काकडीच्या ताटल्या. त्यांच्या पायांशी अकरा मुलं अनवाणी, गुडघ्यांवर बसून फरशीवर थेंब टाकत होती आणि कान लावत होती.

“आजोबा, इकडेपण बोलत नाही!”

“या कोपऱ्यात टाकून बघ.”

“सतरा थेंब टाकले. एकपण बुडबुडा नाही.” आणि मग शुभंकर, चेअरमनचा सख्खा नातू, निर्मळ आनंदाने ओरडला, “आजी, हा मार्बलच नाही! आपला फेक आहे!”

डाग पडला नव्हता, एक ओरखडाही उठला नव्हता. त्याहून वाईट झालं होतं. आठही बायका ताटल्या बाजूला ठेवून खाली वाकल्या. एकीने तर अपेक्षाच्या हातातला ड्रॉपर घेऊन स्वतः थेंब टाकला आणि कान लावून म्हणाली, “अगं बाई, खरंच गप्प आहे.” नाईकवाडीवहिनींनी मुकाट्याने पाय मोज्यांसकट सोफ्यावर वर घेतले.

शुक्रवारी संध्याकाळी खळदकरांकडे बेल वाजली. दारात नाईकवाडी, मागे कमिटीचे दोन सभासद आणि हातात टाइप केलेला कागद.

“बसा ना,” महिपतराव म्हणाले.

“बसायला आलो नाही. काल आपल्या देखरेखीखाली आमच्या घराची जी बेअब्रू झाली ती आपणच दुरुस्त करायची.” नाईकवाडींनी कागद टेबलावर ठेवला. “प्रमाणपत्र आहे. सदर फरशीची तज्ज्ञ या नात्याने पाहणी केली असता ती अस्सल इटालियन संगमरवर असल्याचे आढळले. खाली आपली सही, हुद्दा जिऑलॉजिस्ट. नोटीस बोर्डावर लावतो आणि विषय संपवतो.”

महिपतरावांनी कागद वाचला. मग परत वाचला. घरातले सगळे पाहत होते. आनंदसुद्धा लॅपटॉप मिटून बाहेर आला होता आणि अपेक्षा दुधाचा पेला घेऊन आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी होती. सही करणं अगदी सोपं होतं. सही केली की नाईकवाडी खूश, सोसायटी गप्प आणि उद्या शाळेत साहेब म्हणून जायला मोकळे. त्यांनी पेनाचं टोपणही काढलं.

पण पेन खाली जाईना. तोंडी गोष्टींचं एक असतं. वडा असतो, हात झटकणं असतं. लेखी गोष्ट वेगळी. बत्तीस वर्षांत त्यांनी आपल्या अधिकाराबाहेर एकही सही केली नव्हती. साहेब रजेवर असताना एक मंत्री समोर बसून राहिले होते, तेव्हाही केली नव्हती.

“मला अधिकार नाही,” महिपतराव म्हणाले.

“म्हणजे?”

“मी जिऑलॉजिस्ट नाही. कधीच नव्हतो. मी आवक-जावकला लिपिक होतो. टपालावर शिक्के मारायचो, दगडांना चिठ्ठ्या बांधायचो.” त्यांनी टोपण लावलं. “चूक माझी. वेळेवर सांगायला हवं होतं.”

मग नाईकवाडींना कंठ फुटला. “आणि आम्ही तुमच्या सांगण्यावरून दोनशे फूट बोअर मारली!”

“पाणी लागलं ना?” यमुनाबाई म्हणाल्या. “मग झालं तर. चहा घेणार?”

चहा कोणी घेतला नाही. मंडळी निघून गेल्यावर अपेक्षाने विचारलं, “म्हणजे तुम्ही साहेब नव्हता?”

“नाही बेटा.”

“छोटे साहेबपण नाही?”

“नाही.”

तिने पेला टेबलावर ठेवला आणि ती आतल्या खोलीत गेली. आतून कडी लावायला तिचा हात पुरत नव्हता, म्हणून तिने दाराला स्टूल लावलं. ते स्टूल ओढल्याचा आवाज महिपतरावांना फार लागला. इतका की त्यांनी शाळेला फोन करून कार्यक्रम रद्द करायचं ठरवलं. पण पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रद्द करावयाचे असल्यास दोन दिवस आधी लेखी कळवावे.’ मुदत टळून गेली होती. महिपतरावांनी फोन खाली ठेवला.

शनिवारी सकाळी अपेक्षा बोलत नव्हती. दूध प्याली, बूट घातले, वेणी घालून घेतली, सगळं न बोलता. महिपतराव खाली मान घालून पिशवी भरत होते. दगड भरले, बाटल्या भरल्या. मॅडमच्या सूचनेवरून चाळीस मुलं घरून एकेक दगड आणणार, म्हणजे चाळीस दगड. कोणता कोणाचा हे कळायला नको? सवयीने त्यांनी कपाटातून जुनं कोरं रजिस्टर काढलं, दोऱ्याची रीळ, चिठ्ठ्या, शिक्क्याची गादी आणि लाकडी मुठीचा ‘आवक’ असा शिक्का. हा शिक्का झिजल्यामुळे कचेरीने बाद केला होता. निवृत्त होताना त्यांनी तो लेखी परवानगी काढून घरी आणला होता. परवानगीचं पत्र फायलीत आहे.

“हे काय?” अपेक्षाने विचारलं. कालपासूनचा तो पहिला शब्द.

“आवकचा शिक्का. बाहेरून दगड आला की आधी माझ्या टेबलावर यायचा. मी नंबर द्यायचो, मग आत.”

“नंबर नाही दिला तर?”

“तर तो दगड आलाच नाही असं धरायचं.”

“साहेबांना पाहिजे असला तरी?”

“साहेबांना पाहिजे असला तरी. साहेबसुद्धा बाहेर येऊन विचारायचे, ‘खळदकर, चंद्रपूरचा दगड आला का?’”

अपेक्षाने थोडा विचार केला. मग शिक्का आणि गादी उचलून तिने स्वतःच्या दप्तरात ठेवली. “हे मी धरते,” ती म्हणाली.

शाळेच्या फाटकावर नाईकवाडी शुभंकरला सोडायला आले होते; तोही दुसरी ‘ब’मध्येच होता. दोघांनी एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग नाईकवाडीच जवळ आले आणि झाडाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “खळदकर, तुम्ही काल सांगितलंत म्हणून सांगतो. त्या टाइल्सच आहेत. दुकानदाराने घेतानाच सांगितलं होतं. पण हिने बहिणीला फोनवर मार्बल म्हणून सांगून टाकलं, पोराने अमेरिकेत मित्रांना दाखवलं... मी म्हटलं, असू दे.”

“तुमच्याही तोंडात वडा होता म्हणायचा,” महिपतराव म्हणाले. नाईकवाडींना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

वर्गात राजनंदिनी मॅडमनी “सीनियर जिऑलॉजिस्ट” असं म्हणताच महिपतराव उभे राहिले. “मॅडम, एक दुरुस्ती. लिपिक.” मॅडम गोंधळल्या. मुलांना दोन्ही शब्द सारखेच अपरिचित होते. त्यांचं सगळं लक्ष अपेक्षाच्या हातातल्या शिक्क्यावर होतं.

त्यानंतरचे दोन तास दुसरी ‘ब’ म्हणजे एक चालती कचेरी झाली. रांग लागली. अपेक्षा शिक्का मारी, महिपतराव नंबर देत, मुलं आपापल्या दगडाला चिठ्ठी बांधत, खिळ्याने ओरखडा, व्हिनेगरचा थेंब, कान लावायचा आणि मग टोपली. चाळीसपैकी एकतीस दगड काळे निघाले. पहिली टोपली उचलेना. एकाने खडीसाखर आणली होती, ती नोंद होताच संपली. एका मुलीने आपल्या आजोबांचा मुतखडा डबीतून आणला होता. महिपतरावांनी त्यावर बराच विचार केला आणि तो गाळाच्या टोपलीत टाकला. कोणाला शिक्का दुसऱ्यांदा मारून हवा होता, त्याला महिपतरावांनी अर्ज करायला सांगितलं आणि त्याने खरोखर केला.

शेवटून दुसरा शुभंकर आला. गच्चीत पडलेला एक उरलेला तुकडा त्याने आणला होता. गुळगुळीत, पांढरा, करड्या रेघांचा. त्याला नंबर मिळाला, एकोणचाळीस. ओरखडा उठला नाही. थेंब टाकला, तो नुसता बसून राहिला.

“रूपांतरित लिहा,” शुभंकर म्हणाला. “मार्बल आहे. आमच्या आजोबांनी सांगितलंय.”

“फेक आहे!” रांगेतून सोसायटीतलाच कोणी ओरडला. “परवाच बघितलं आम्ही!” आणि मग सगळा वर्ग “फेक, फेक” करू लागला. परवा हाच शब्द आनंदाने ओरडलेल्या शुभंकरची हनुवटी आता थरथरायला लागली. गेले दोन दिवस त्याच्या घरात त्या एका शब्दापायी कोण कोणाशी बोलत नव्हतं, हे त्या हनुवटीवरून दिसत होतं.

अपेक्षाने शिक्का बाकावर दाणकन आपटला. “गप्प बसा! फेक की नाही ते तुम्ही नाही ठरवायचं. माझे आजोबा साहेब नव्हते. साहेबांनासुद्धा माझ्या आजोबांकडून नंबर घ्यायला लागायचा. आजोबा लिहितील ते खरं. आजोबा, लिहा.”

महिपतरावांनी चष्मा काढून पुसला. काच तशी स्वच्छ होती, पण पुसायला हवी होती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी नारळ दिला होता, शाल दिली होती आणि भाषणात त्यांचं नाव चुकवलं होतं. त्या दिवसाची भरपाई आज दुसरी ‘ब’मध्ये झाली.

मग त्यांनी पेन उघडलं. शुभंकर त्यांच्याकडे पाहत होता. एकोणचाळीस नंबरसमोर टोपलीचा रकाना कोरा सोडून, शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं: ‘प्रकरण विचाराधीन.’ आणि तुकडा वेगळा, टेबलाच्या कडेला ठेवला.

“म्हणजे काय?” शुभंकरने विचारलं.

“म्हणजे तपास चालू आहे. निकाल लागेपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. आजोबांना जाऊन तसं सांग.”

शुभंकरने नाक पुसलं आणि तो मान ताठ करून जागेवर जाऊन बसला.

पुढच्या आठवड्यात नाईकवाडींच्या दारावरची पाटी बदलली. आता तिथे ‘जपून चालावे, फरशी ओली असते’ एवढंच होतं. मोज्यांची अट गेली. कोणी मुद्दाम खवचटपणे मार्बलची चौकशी केलीच, तर नाईकवाडी गंभीर चेहऱ्याने सांगत, “ते खळदकरांकडे विचाराधीन आहे,” आणि विचारणारा गप्प होई. रविवारी ते एक किलो आंबा बर्फी घेऊन खळदकरांकडे आले आणि या वेळी बसलेही.

ते गेल्यावर यमुनाबाईंनी बर्फीचा डबा फडताळात ठेवला आणि विचारलं, “पण हे विचाराधीन किती दिवस चालायचं?”

“काळजी नको,” महिपतराव म्हणाले. “बत्तीस वर्षांचा अनुभव आहे.”